साथ आली की लॉनच्या गेटवर पोलिसांचे किती चालते?

प्रश्न थोडक्यात असा. बेसा रोडला एका कुटुंबाचे छोटे लॉन आहे. २०२१ च्या अक्षय तृतीयेला तिथे लग्न लागत असताना पोलीस आले, वऱ्हाडाला बाहेर काढले, साउंडवाल्याचे स्पीकर उचलून नेले आणि गेटला कुलूप घालून किल्ली सोबत घेऊन गेले. लॉनमालकावर भादंविची (भारतीय दंडविधानाची) कलमे १८८, २६९, २७० आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ५१(ब) लागले. ते प्रकरण अजून मिटलेले नाही. आता मुलगा व्यवसाय बघतो. तो विचारतो की उद्या पुन्हा एखादी साथ आली, निर्बंध लागले, तर पोलीस आत शिरू शकतात का, पाहुण्यांना हाकलू शकतात का, कुलूप लावू शकतात का, अटक करू शकतात का? आणि जुन्या खटल्याचे काय करायचे?

मी नागपूरच्या फौजदारी न्यायालयात बरीच वर्षे सरकारी वकील म्हणून उभा राहिलो, आता निवृत्त आहे. म्हणजे अशा फायली मी पोलिसांच्या बाजूने चालवल्या आहेत. त्या कुठे टिकल्या आणि कुठे गळल्या, ते त्याच बाजूने पाहिले आहे. उत्तर देताना हे लक्षात घ्या.

साथीच्या निर्बंधांत पोलिसांचा स्वतःचा असा अधिकार थोडा असतो. ते दुसऱ्या कुणाच्या तरी आदेशावर उभे असतात. तो आदेश राज्य सरकारचा असेल, जिल्हाधिकाऱ्यांचा, महापालिका आयुक्तांचा किंवा कार्यकारी दंडाधिकारी म्हणून खुद्द पोलीस आयुक्तांचा. आदेश मोडला जातोय असे दिसले की तिथल्या तिथे थांबवणे, गर्दी पांगवणे, नावे लिहून घेणे आणि गुन्हा नोंदवणे, हे पोलिसांचे काम. जागा बंद ठेवायची की नाही, हे आदेश काढणाऱ्याने ठरवायचे. दोषी कोण आणि शिक्षा किती, हे न्यायालयाने. तुमच्या लॉनवर त्या रात्री यातली पहिली दोन्ही कामे एकट्या पीएसआयने उरकली. गर्दी पांगवली ते बरोबर होते, कुलूप घातले ते चुकले.

आता आदेश येतात कुठून ते बघू. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडी आलेला साथरोग कायदा १८९७ चा आहे. मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी तो घाईघाईत आणला आणि त्याच वर्षी पुण्यात घराघरांत गोरे सोजीर (शिपाई) शिरले. रँड आणि चाफेकरांची कथा आपण शाळेत शिकतो, पण त्यामागचा कायदा अजून जिवंत आहे हे बऱ्याच जणांना कोविडमध्येच कळले. त्याचे कलम २ राज्य सरकारला तात्पुरते नियम करू देते. महाराष्ट्राने त्याखाली मार्च २०२० मध्ये कोविडचे विनियम काढले. १३ मार्च २०२० ला चित्रपटगृहे, जिम, जलतरण तलाव बंद करण्याची घोषणा झाली तेव्हा मुंबई-पुण्यासोबत नागपूरचेही नाव होते. या कायद्यात पोलिसांना वेगळा अधिकार कुठेच दिलेला नाही. कलम ३ एवढेच म्हणते की नियम मोडणाऱ्याने भादंविच्या १८८ चा, म्हणजे लोकसेवकाचा आदेश मोडल्याचा, गुन्हा केला असे समजावे.

दुसरा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. त्यात जिल्हाधिकारी हा जिल्हा प्राधिकरणाचा प्रमुख. कलम ३४ खाली तो एखाद्या भागात कुणी जायचे, कुणी नाही, वाहने कुठून न्यायची हे ठरवू शकतो. आदेश पाळायला नकार दिला तर कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद. नकारामुळे जीव गेला किंवा जिवाला धोका उभा राहिला तर दोन वर्षांपर्यंत.

तिसरी आपली जुनी ओळखीची जमावबंदी. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले आहे. त्याच्या शब्दांत 'मानवी जीवित, आरोग्य किंवा सुरक्षितता' यांना धोका हे कारण आहेच, त्यामुळे साथीसाठी ते वापरता येते. नागपूर शहरात हा आदेश पोलीस आयुक्त काढू शकतात, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांचे अधिकारी. मुदत जास्तीत जास्त दोन महिने, पुढे वाढवायचा असेल तर राज्य सरकारने वाढवायचा. कारणे न देता तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे आणि आदेश लोकांसाठी प्रसिद्ध झालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात, अनुराधा भसीन निकालात, सांगून ठेवले आहे. योगायोग बघा, दोनच महिन्यांनी देशभर १४४ लागले.

एक चौथे कलम आहे, ते फारसे कुणी उघडून बघत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, कलम ४३. यात्रा, जत्रा किंवा तसल्या कारणाने जिथे मोठी गर्दी जमली आहे किंवा जमणार आहे आणि तिथे साथ येण्याची शक्यता आहे, तिथे जिल्हादंडाधिकारी जाहीर सूचना काढून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नियम घालू शकतो. पटकी आणि प्लेगच्या काळातल्या यात्रांच्या अनुभवातून आलेले हे कलम दिसते. दीक्षाभूमीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, ताजबागचा उरूस, मारबतीची मिरवणूक अशा शहराला तंतोतंत लागू पडेल असे. कोविडमध्ये सगळी भिस्त वरच्या तीन कायद्यांवरच राहिली, पण पुढची साथ पाण्यातून पसरणारी असली तर ठरावीक जागेपुरते हेच कलम जास्त उपयोगाचे ठरेल असे मला वाटते. त्याच कायद्याच्या ३७(३) खाली पोलीस आयुक्त जमाव आणि मिरवणुका बंद करू शकतात, पण तिथे कारण सार्वजनिक सुव्यवस्थेचे लागते आणि पंधरा दिवसांच्या पुढे सरकारची मंजुरी.

आता बेशाची गंमत. तुमचे लॉन बेलतरोडी ठाण्याच्या हद्दीत, म्हणजे नागपूर शहर पोलीस आयुक्तालयात. पण बेसा महापालिकेत नाही. कामठीचेही तसेच: जुनी आणि नवी कामठी ही दोन्ही ठाणी शहर पोलिसांची, गाव मात्र महापालिकेच्या बाहेर. १५ ते २१ मार्च २०२१ चा कडक लॉकडाउन पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीसाठी होता, म्हणून तो कामठी-बेशालाही लागला. पण त्याच काळात महापालिका आयुक्तांनी काढलेला एखादा आदेश फक्त महापालिका हद्दीपुरता असायचा. म्हणून तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच: त्या रात्री पोलिसांच्या हातात कोणाचा आदेश होता? महापालिकेचा असेल तर तो तुमच्या गेटपर्यंत पोचतच नव्हता. राज्याचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर पोचत होता. २२ एप्रिल २०२१ पासून राज्याच्या 'ब्रेक द चेन' आदेशात लग्नाला २५ माणसे, एकच हॉल, दोन तास आणि मोडल्यास ५० हजार दंड असे होते. तो आदेश राज्यभर लागू होता आणि तुमच्या लग्नाची तारीख त्यातच बसते. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच आशा नको.

गेटवर काय होते ते पाहू. लॉन आणि मंगल कार्यालय ही लोकांनी भाड्याने घेण्याची जागा, राहते घर नव्हे. आदेश लागू असताना अशा ठिकाणी आत काय चाललेय हे बघायला पोलीस आले तर गेटवर अडवण्यात अर्थ नाही, आणि कायद्यानेही तुमची बाजू लंगडी पडते. डोळ्यासमोर दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय स्वतःहून कारवाई करू शकतात) घडतोय असे दिसले की त्यांना हस्तक्षेप करता येतोच. घरच्या गच्चीवरची हळद मात्र वेगळी. वॉरंटशिवाय घरात झडती घ्यायची तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १८५ खाली तपास अधिकाऱ्याने आधी कारणे लेखी नोंदवायला हवीत, आणि नव्या संहितेत झडतीचे ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरणही सक्तीचे झाले आहे. खालून आवाज देऊन 'गर्दी कमी करा' म्हणणे हे रोजचे काम आहे, दार ढकलून आत येणे हे त्याच्या पुढचे.

पांगवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, पण तो नेमका कोणता हे त्यांच्यातल्याही सगळ्यांना ठाऊक नसते. जमाव हटवण्याचे नेहमीचे कलम १४८ (जुने १२९). ते बेकायदा जमावासाठी, किंवा सार्वजनिक शांतता बिघडवू शकेल अशा पाच किंवा जास्त माणसांच्या जमावासाठी आहे. जेवणाच्या पंगतीला बसलेले वऱ्हाड शांतता बिघडवत नाही, फार तर विषाणू पसरवते. म्हणून साथीत खरा आधार दुसरीकडे आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ६८ आणि ६९ खाली पोलिसांची वाजवी सूचना पाळणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न पाळणाऱ्याला ते बाजूला करू शकतात. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १७२ मध्ये हे देशभरासाठी आले: कायदेशीर सूचना न ऐकणाऱ्याला हटवता येते, ताब्यात घेता येते, आणि किरकोळ प्रकरणात चोवीस तासांच्या आत सोडून देता येते. बाहेर काढताना लागेल तेवढेच बळ, त्याहून जास्त नाही. लाठी ही १४८ च्या जमावासाठी आहे, जेवून हात धुणाऱ्या मामासाठी नाही.

आणि उठाबशा? रस्त्यावर कोंबडा करणे, उठाबशा काढायला लावणे, गळ्यात पाटी अडकवून फोटो काढणे, यातले काहीही कोणत्याच कायद्यात नाही. २०२० च्या उन्हाळ्यात लोक त्या व्हिडिओंवर हसले, 'मलाही तेव्हा त्यात फार गैर वाटत नव्हते' असे सांगणारे माझे सहकारी आहेत. पण शिक्षा न्यायालय देते, तेही गुन्हा सिद्ध झाल्यावर. असे घडले तर पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग या दोन्ही ठिकाणी तक्रार करता येते, आणि व्हिडिओ पोलिसांनीच काढलेला असेल तर पुराव्याची चिंता नाही.

आता कुलूप. प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या मते हाच. पोलिसांना वस्तू जप्त करण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ (जुने १०२) खाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, नेवाडा प्रॉपर्टीज निकालात, सांगितले की या कलमातली 'मालमत्ता' म्हणजे जंगम. इमारत, जमीन, दुकान यांवर पोलिसांना याखाली टाच आणता येत नाही. पंचनामा करून कागदपत्रे ताब्यात घ्या, पण जागा नाही. मग साथीत दुकाने सील झाली ती कशी? आदेश काढणाऱ्या यंत्रणेने केली. शहरात महापालिकेचे झोन अधिकारी आणि उपद्रव शोध पथक, ज्याला सगळे एनडीएस म्हणतात, ग्रामीण भागात तहसीलदार किंवा नगर पंचायत. पोलीस बंदोबस्ताला. सील लावताना लेखी आदेश, त्यावर कोणत्या नियमाखाली आणि किती दिवसांसाठी हे लिहिलेले, खाली पदनाम आणि सही.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी कुलूप घेऊन आला तर वाद घालू नका, कागद मागा. 'साहेब, बंद करतो, पण सीलचा आदेश कोणाचा आहे तेवढा दाखवा,' एवढेच. दाखवला तर फोटो काढून घ्या. नाही दाखवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तहसील कार्यालयात आणि ठाण्यात एक-एक अर्ज द्या: अमुक वाजता अमुक ठाण्याच्या पथकाने कुलूप लावले, आदेशाची प्रत मिळाली नाही, प्रत द्यावी किंवा कुलूप काढावे. पोच घ्या. पोच घेतलेला असा अर्ज पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर पंचनाम्याइतकाच कामाचा ठरतो. मी एका प्रकरणात पाहिले, ठाणेदारांनी असा अर्ज वाचून शिपायाला लगेच किल्ली घेऊन पाठवले. लॉनमालक मला म्हणाला, "साहेब, तीन दिवस मी त्यांच्या मागं फिरून राहिलो होतो, कागद दिला तर एका घंट्यात आले."

स्पीकर जंगम आहेत, त्यामुळे ते जप्त करता येतात. पण जप्तीचा पंचनामा हवा, आणि वस्तू साउंडवाल्याची असेल तर त्याने ४९७ किंवा ५०३ खाली (जुनी ४५१, ४५७) न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (मागितली की हजर करण्याच्या लेखी हमीवर) सोडवायची. ठाण्याच्या आवारात पावसात भिजत पडलेली यंत्रे न्यायालयाला आवडत नाहीत, बहुधा पहिल्या-दुसऱ्या तारखेला मिळतात. लॉकडाउनमध्ये चौकाचौकात गोळा केलेल्या गाड्यांचेही असेच होते.

दंडाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. जागेवर पावती फाडून घेतलेला दंड ही प्रशासकीय वसुली असते, साथरोग कायद्याच्या नियमांखाली किंवा महापालिकेच्या ठरावाखाली. २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्याच्या आदेशात ते आकडे स्पष्ट होते: नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये, ज्या आस्थापनेत तो मोडला गेला तिला १० हजार, आणि आस्थापनेनेच नियम पाळला नाही तर ५० हजार. पोलीस असा दंड घेऊ शकतात, पण त्यांना तसा अधिकार आदेशात दिलेला हवा आणि पावती त्या यंत्रणेची हवी. कलम १८८ चा दंड मात्र फक्त न्यायालय लावते. म्हणून पावती घेतली म्हणजे गुन्हा मिटला असे समजू नका, आणि गुन्हा नोंदवला म्हणून पावती नाकारताही येत नाही. दोन्ही वेगळे. पावतीवर कलम किंवा आदेश क्रमांक नसेल तर त्यावर 'निषेधासह भरले' असे लिहून सही करा. कुणी रागावत नाही, रागावले तरी लिहायला बंदी नाही.

अटकेची भीती सगळ्यात जास्त असते आणि तिला आधार सगळ्यात कमी. जुने १८८ आता भादंविच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत २२३ आहे. शिक्षा वाढली: पूर्वी साधी कैद एक महिना किंवा दोनशे रुपये, आरोग्याला धोका असेल तर सहा महिने किंवा हजार रुपये. आता अनुक्रमे सहा महिने किंवा अडीच हजार, आणि एक वर्ष किंवा पाच हजार. तरी दखलपात्र असूनही ते जामीनपात्रच आहे. निष्काळजीपणे रोग पसरवणे (जुने २६९, नवे २७१) आणि दुष्ट हेतूने पसरवणे (२७०, आता २७२) हेही जामीनपात्र. विलगीकरणाचा नियम मोडणे (२७१, आता २७३) तर अदखलपात्र. आकडे एकमेकांवर चढलेत, नवे २७१ आणि जुने २७१ या वेगळ्या गोष्टी आहेत. एफआयआर हातात आला की आधी तारीख बघा, मग कलम. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटकेआधी सूचनापत्र द्यायचे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावले आहे, नव्या संहितेत ते ३५(३) मध्ये आहे. ठाण्यात नेले तर जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे. साहेबाला ढकलले, पथकातल्या बाईंच्या हातातला मोबाइल हिसकावला, रुग्णवाहिकेला दगड मारला, की प्रकरण एकदम अजामीनपात्र होते. लोकसेवकावर हल्ला हे जुने ३५३, नवे १३२. आणि एप्रिल २०२० मध्ये अध्यादेशाने आणि नंतर कायद्याने साथरोग कायद्यात आलेली दुरुस्ती फार कडक आहे: आरोग्यसेवकावर हिंसा केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, गंभीर दुखापत असेल तर सहा महिने ते सात वर्षे. तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांत पूर्ण करायचा. 'आरोग्यसेवक' या शब्दात डॉक्टर-नर्सच नाहीत, साथ रोखण्यासाठी त्या कायद्याखाली नेमलेला माणूसही येतो. लग्नघरात पिऊन आलेला एक भाचा संपूर्ण कुटुंबाला या कलमात नेऊ शकतो. अशा वेळी मालकाने पहिले काम म्हणजे भाच्याला गाडीत बसवणे.

आता फाइल आतून कशी दिसते ते सांगतो, कारण बाहेरून ती फार भारी वाटते. दिघोरीकडच्या एका लॉनचे प्रकरण माझ्याकडे होते, २०२१ चेच. पंचनाम्यात लिहिलेले: 'अंदाजे दीडशे ते दोनशे इसम विनामास्क मिळून आले.' अंदाज कशावरून, तर काही नाही. ना फोटो, ना जेवणाच्या ताटांची मोजणी, ना केटररचा जबाब. दोन पंच, त्यातला एक गेटसमोरचा चहावाला, आणि त्याच आठवड्यातल्या त्याच ठाण्याच्या दुसऱ्या फायलीतही तोच पंच. एफआयआरची वेळ पंचनाम्याच्या आधीची. आणि ज्या आदेशाचा भंग झाला तो आदेश फायलीत नव्हताच; फक्त 'मा. जिल्हाधिकारी सा. यांचे आदेशाचे उल्लंघन' एवढी ओळ. मी तपास अधिकाऱ्याला विचारले, आदेश कुठे आहे? तो म्हणाला, "सर, सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर होता." त्याचेही खोटे नव्हते. तेव्हा दर दोन दिवसांनी नवा आदेश यायचा, मेयो-मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या दारात रुग्णवाहिका खोळंबलेल्या असायच्या, आणि ठाण्यातले निम्मे लोक पॉझिटिव्ह. कागद पूर्ण करायला माणूस होता कुठे? पण आरोपीच्या वकिलाने बरोबर त्याच ठिकाणी बोट ठेवले. १८८ सिद्ध करायला चार गोष्टी लागतात: आदेश कायदेशीर अधिकार असलेल्या लोकसेवकाने काढलेला असावा, आरोपीला तो माहीत असावा, त्याने तो मोडलेला असावा, आणि मोडल्यामुळे अडथळा, इजा किंवा धोका झालेला असावा किंवा होण्याजोगा असावा. नुसता आदेश मोडला, एवढ्याने भागत नाही. पहिल्या दोन गोष्टींचा कागदच नाही तर पुढचे बोलायचे काय?

त्याहून मोठी अडचण न्यायालयाच्या दारातच असते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १९५ (आता २१५) म्हणते की १८८ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी फिर्यादीवरच घेईल. नव्या संहितेत त्याने अधिकार दिलेला दुसरा लोकसेवकही चालतो. पोलिसांनी नुसते दोषारोपपत्र पाठवून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुनियप्पन निकालात हे बंधनकारक असल्याचे सांगितले. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६० मध्येही तसेच: फिर्याद प्राधिकरणाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याने करायची. आणि ५१(ब) ची शिक्षा एक वर्षाची, त्यामुळे संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे ते मुळात अदखलपात्र. सगळ्या महाराष्ट्रात हजारो फायली या एका कागदाअभावी लटकल्या.

म्हणूनच पोलीस सोबत २६९ आणि २७० जोडतात, त्यांना १९५ ची अडचण नाही. पण तिथे वेगळाच अडसर आहे. सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तबलिगी प्रकरणातल्या म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा, तहसील पोलीस ठाण्यात दाखल झालेला गुन्हा रद्द केला. त्यात १८८, २६९, २७० आणि साथरोग कायदा सगळे होते. रोग पसरवण्याची शक्यता असलेले कृत्य त्यांनी केले याचा काहीच पुरावा नाही, तेव्हा खटला चालवणे हा प्रक्रियेचा गैरवापर ठरेल, असे न्यायालय म्हणाले. महिनाभर आधी औरंगाबाद खंडपीठानेही तशाच प्रकरणात गुन्हे रद्द केले होते. तुमच्या लग्नात कुणी बाधित होते का, त्याला माहीत होते का, हे फायलीत काही नसेल तर २६९ ला आधार उरत नाही, आणि २७० मधला दुष्ट हेतू तर लॉनमालकाच्या बाबतीत कुणालाच दाखवता येणार नाही.

उद्याच्या तयारीसाठी जास्त काही लागत नाही. निर्बंध लागले की आदेशाची पूर्ण प्रत, पीडीएफ नव्हे तर छापून, ऑफिसच्या भिंतीवर लावा. बुकिंगच्या करारात माणसांची मर्यादा पक्षकाराने पाळायची असे एक वाक्य टाका. त्याने तुमची जबाबदारी जात नाही, पण 'मला माहीत होते आणि मी सांगितले होते' याचा कागद होतो. गेटवर माणसे मोजायला एक मुलगा बसवा, त्याच्या वहीत वेळ आणि आकडा. सीसीटीव्हीचे फुटेज पुसले जाण्याआधी वेगळे काढून ठेवा. जमावबंदीच्या आदेशात 'सार्वजनिक ठिकाणी' म्हटले आहे की 'कोणत्याही ठिकाणी', हे नीट वाचा. पहिल्या शब्दांत बंद हॉलबद्दल वाद घालायला जागा राहते, दुसऱ्यात नाही. आणि बर्ड फ्लूसारख्या साथीत, गोरेवाड्यात वाघ गेले तशी वेळ आली, तर कोंबड्यांच्या बाबतीतले निर्बंध पशुरोगांच्या २००९ च्या वेगळ्या कायद्यातून येतात. केटररला तेवढे सांगून ठेवा.

जुन्या खटल्याचे. तुमचा गुन्हा १ जुलै २०२४ आधीचा, म्हणून तो जुन्याच भादंविने चालेल, नव्या २२३ ची वाढीव शिक्षा तुम्हाला लागत नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने कोविडकाळातले १८८ चे गुन्हे मागे घ्यायचे ठरवले होते, पण ते आपोआप होत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज द्यावा लागतो, आणि ज्या फायलींत सोबत दुसरी कलमे होती त्या बऱ्याचदा मागे राहिल्या. तुमची कदाचित त्यातलीच. दुसरा मुद्दा मुदतीचा: १८८, २६९ आणि ५१(ब) साठी दखल घेण्याची मुदत एक वर्ष, २७० मुळे ती तीन वर्षे होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, म्हणून मोजणी तिथून पुढे. मोजताना दोषारोपपत्र किंवा फिर्याद न्यायालयात दाखल झाल्याची तारीख धरतात. वडिलांना पासपोर्ट नूतनीकरण करायचा असेल किंवा मुलाला परदेशी शिकायला पाठवायचे असेल आणि त्याचेही नाव आरोपींत घातले असेल, तर हे प्रकरण पडताळणीत वर येईल, तेव्हा ते असेच पडू देऊ नका.

आधी नक्कल विभागात अर्ज करून एफआयआर, दोषारोपपत्र, पंचनामा आणि रोजनामा यांच्या प्रमाणित प्रती काढा. त्यात लोकसेवकाची लेखी फिर्याद आणि आदेशाची प्रत आहे का, एवढे आधी बघा. दोन्ही नसतील तर वकिलाला सांगून कार्यवाही थांबवण्याचा किंवा दोषमुक्तीचा अर्ज त्याच न्यायालयात द्या. तिथे फेटाळला तर खंडपीठाचा रस्ता खुला आहे.